अहवालात ज्याची नोंद होत नाही

(रुग्णालयाच्या वार्षिक आभारदिनी विश्वस्त मंडळ व सेवकवर्ग यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या हाती असलेल्या अहवालात वर्षभरातील बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि मोफत व सवलतीच्या दरातील उपचार यांचे तक्ते दिलेले आहेत. लेखापरीक्षकांनी तपासलेला ताळेबंदही त्यात आहे. हे आकडे परमेश्वराच्या कृपेची आणि आपल्या औदार्याची साक्ष देतात. आपण ते अवश्य वाचावेत, शंका असल्यास विचाराव्यात. हिशेब चोख ठेवणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे आणि त्याविषयी आम्हांला संकोच नाही.

आज मात्र या तक्त्यांच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही अशा एका गोष्टीविषयी आपल्याशी बोलावे, असे आम्ही ठरविले आहे. आमचे रुग्णालय ख्रिस्ती सेवाभावातून उभे राहिले. येथे दररोज सकाळी प्रार्थना होते. भिंतींवर पवित्र शास्त्रातील वचने लावलेली आहेत. नाताळात प्रत्येक खाटेपाशी जाऊन गीते म्हटली जातात, उपवासकाळात विशेष उपासना होतात, सेवकवर्गातील अनेक जण आपल्या मिळकतीचा दशांश निष्ठेने देतात. हे सर्व चांगले आहे आणि ते चालू राहावे अशीच आमची इच्छा आहे. प्रश्न इतकाच आहे की, एवढे असले म्हणजे हे रुग्णालय ख्रिस्ताचे ठरते काय? खाटेवर पडलेल्या माणसाला आमच्या वागण्यात ख्रिस्ताचा स्वभाव दिसतो काय? हा प्रश्न आम्हांला एखाद्या प्रवचनातून सुचलेला नाही. एका आजीबाईंनी, त्यांच्या नकळत, तो आमच्यापुढे ठेवला.

काही वर्षांपूर्वीचा पावसाळ्यातील प्रसंग आहे. त्या दिवशी बाहेरगावचे पाहुणे आले होते, म्हणून सकाळची प्रार्थना नेहमीपेक्षा लांबली. गीते झाली, मनोगते झाली, पाहुण्यांचा सत्कार झाला. केसपेपरची खिडकी तोवर बंदच होती, कारण खिडकीवरचा कारकूनही प्रार्थनेला बसला होता. बाहेर पोर्चमध्ये एक आजीबाई आपल्या दोन वर्षांच्या नातवाला पदराखाली घेऊन बसल्या होत्या. मुलाला रात्रीपासून वांत्या आणि जुलाब होत होते. पहिल्या एस. टी.ने त्या आल्या होत्या. आतून गाण्याचा आवाज येत होता आणि त्या मुकाट्याने वाट पाहत होत्या.

त्यांच्याकडे प्रथम लक्ष गेले ते पोर्च झाडणाऱ्या मावशींचे. मावशी ख्रिस्ती नाहीत, त्या प्रार्थनेला कधी बसत नाहीत. मुलाचे डोळे खोल गेलेले आणि ओठ सुकलेले पाहून त्यांनी झाडू बाजूला ठेवला, वॉर्डातून जलसंजीवनीचे पाणी आणून चमच्याचमच्याने मुलाला पाजावयास सुरुवात केली आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारली. सिस्टरने पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती सावकाश खाली बसत होती. पुढे जे करावयाचे ते सर्व झाले, सलाईन लागले, आणि तिसऱ्या दिवशी ते मूल वॉर्डात इतरांच्या ताटातले बिस्कीट मागत फिरू लागले. परमेश्वराची कृपा.

त्या दिवशी दुपारी आम्ही आजीबाईंची क्षमा मागावयास गेलो. त्या रागावतील, बोलतील, अशी आमची अपेक्षा होती. त्या उलट संकोचून म्हणाल्या, "तुमचं देवाचं चाललं हुतं. मधीच कसं बोलवायचं?"

त्या एका वाक्यापुढे आम्हांला काहीच सुचले नाही. आमच्या प्रार्थनेचा मान त्या माउलीने आपल्या नातवाच्या जिवापेक्षा मोठा मानला होता, आणि ज्या देवापुढे आम्ही गात होतो, त्याच्या दारात बसलेल्या त्या लेकराची आम्हांला वार्ताही नव्हती. आजीबाईंनी तक्रार केली असती तर आम्ही खुलासा दिला असता. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून ते वाक्य आमच्याजवळच राहिले.

लूकाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दाखला आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला लुटारूंनी मारून अर्धमेला टाकले. एक याजक आला, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेला. एक लेवी आला, तोही तसाच गेला. शेवटी आला तो एक शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परका आणि धर्मबाह्य. तो थांबला. जखमा बांधून, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून, उताऱ्यावर नेऊन त्याने त्याची शुश्रूषा केली.

आम्ही हा दाखला अनेकदा वाचला होता. परंतु त्या पावसाळ्यानंतर वाचताना एक बारीक तपशील प्रथमच नजरेत भरला. यरुशलेम डोंगरावर आहे आणि यरीहो त्याहून सुमारे एक हजार मीटर खाली, मृत समुद्राजवळच्या खोऱ्यात. याजक त्या वाटेने खाली उतरत होता, असे लूक लिहितो. म्हणजे तो मंदिराकडे निघालेला नव्हता, तो मंदिराकडून परतत असावा. उपासनेला उशीर होईल ही सबबही मग त्याच्यापाशी उरत नाही. उपासना आटोपून तो निघाला होता आणि त्या उपासनेने त्याच्या पायांना थांबावयास शिकविले नव्हते. हा दाखला आम्ही आजवर शोमरोन्याच्या बाजूने वाचीत आलो, कारण रुग्णालय चालविणाऱ्यांना स्वतःला शोमरोनी समजणे सोपे जाते. त्या सकाळी आमची जागा याजकाची होती. शोमरोन्याची जागा झाडू बाजूला ठेवणाऱ्या मावशींची होती.

मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाची दोन दृश्ये आहेत. सातव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी, काही माणसे प्रभूपुढे येतात. त्यांची यादी तयार आहे. आम्ही तुझ्या नावाने संदेश दिले, भुते काढली, मोठमोठी अद्भुत कृत्ये केली, असे ती सांगतात. कामे खोटी होती असे प्रभू म्हणत नाही. आपली आणि त्यांची कधी ओळखच नव्हती, असे तो सांगतो. दुसरे दृश्य पंचविसाव्या अध्यायात आहे. तेथे उजवीकडच्या माणसांपाशी यादीच नाही. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, आजाऱ्याची विचारपूस हे आपण कधी केले, हे त्यांना आठवत नाही. त्यांना आश्चर्य वाटते. चांगुलपणा त्यांच्या स्वभावात इतका मुरलेला होता की त्याची वेगळी नोंद ठेवावी असे त्यांना वाटलेच नाही.

ही दोन दृश्ये शेजारी ठेवून वाचली म्हणजे वार्षिक अहवाल लिहिणाऱ्याचा हात थोडा थबकतो. पहिल्या दृश्यातील माणसांच्या यादीत रोगमुक्तीसारखीच कामे आहेत, म्हणजे आमच्यासारख्यांनाच ते बोल लागू पडतात. कायद्याला आणि देणगीदारांना आम्ही यादी दिलीच पाहिजे. परंतु ती यादी देवापुढे ठेवावयाची नाही, याचे भान सुटता कामा नये.

यावरून सत्कर्मे गौण आहेत असा अर्थ कोणी काढू नये. कृतीवाचून असलेली श्रद्धा निर्जीव होय, असे याकोबाच्या पत्रात ठामपणे सांगितले आहे. ज्याचा स्वभाव दयाळू आहे पण ज्याच्या हातून कधीच दयेचे काम होत नाही, असा माणूस कल्पनेतच असू शकतो. मुद्दा क्रमाचा आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात देहाच्या कर्मांविषयी अनेकवचन वापरले आहे, आणि आत्म्याच्या फळाविषयी मात्र एकवचन. प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण त्याने सांगितले, तरी फळ एकच म्हटले. आमच्या भागातील शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कलम लावता येते, पाणी घालता येते, कीड वेचता येते, पण फळ बाहेरून आणून फांदीला बांधता येत नाही. बांधले तर दोन दिवस शोभेल, तिसऱ्या दिवशी सुकेल. धर्मकृत्ये आपण आपल्या निश्चयाने करू शकतो. शील मात्र वाढावे लागते आणि ते ज्या खोडातून वाढते तो ख्रिस्त आहे, अशी आमची श्रद्धा आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला हा धडा एका मराठी स्त्रीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्व जाणतो. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा करण्यात आणि पुराणे सांगण्यात गेले. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणव्यात गेली, पुढे भाऊ गेला आणि विवाहानंतर अल्पकाळातच पतीही गेले. 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्यांचा मुक्काम होता. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, शास्त्रार्थात भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या. अशा विदुषीला ख्रिस्ताकडे वळविले ते कशाने?

1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे. लंडनच्या फुलहॅम भागात त्या भगिनींचे, समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम होते. ते पाहावयास रमाबाई गेल्या. ज्या स्त्रियांना सगळीकडे धिक्काराशिवाय काही मिळाले नव्हते, त्यांच्याशी त्या भगिनी अतिशय ममतेने वागत होत्या. हे पाहून रमाबाईंनी या दयेचे कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील, विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली आणि ख्रिस्ताने पापी माणसावर केलेल्या प्रीतीविषयी सांगितले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी वागणूक दिसली, मग प्रश्न उमटला, आणि पुस्तक उघडले गेले ते त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून.

परंतु रमाबाईंच्या साक्षीतील याहूनही मोठी गोष्ट पुढे आहे. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपासना, वाचन, सेवा सर्व चालू होते. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले, पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. सेवाकार्याचा अहवाल लिहावयास बसले तर कोणालाही अभिमान वाटावा असा तो काळ. आणि त्याच काळाविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून सापडलेला नाही. ज्या स्त्रीच्या विद्येपुढे विद्वान नमत होते, तिने हे लिहावे याला फार मोठे धैर्य लागते. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली व विधवा केडगावला आणल्या, त्यांच्या मुक्तिसदनाने त्यांना आसरा दिला आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या तेथेच राहून बायबलच्या सुलभ मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. हे मोठे कार्य त्या कबुलीनंतरचे आहे. आपल्यात काय नाही हे मान्य केल्यामुळे त्यांचे कार्य खुंटले नाही, ते अधिक खोल गेले.

वैद्यकसेवेच्या क्षेत्रातील एक उदाहरणही आम्हांला नेहमी आठवते. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून ते हात पुन्हा कामाला लावले. बोटे झडतात ती मांस आपोआप कुजल्यामुळे झडत नाहीत, वेदनेची जाणीव गेल्यामुळे न कळत होणाऱ्या इजांनी त्यांचा नाश होतो, हे त्यांनी दाखवून दिले. जगभरच्या कुष्ठरुग्णांच्या उपचारावर त्याचा परिणाम झाला. पण त्यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण शस्त्रक्रियेची नाही. एका रुग्णाला तपासून, उपचार समजावून सांगताना त्यांनी सहज त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो माणूस हुंदके देऊन रडू लागला. आपण काही चुकीचे बोललो काय, असे त्यांनी दुभाष्या बाईंना विचारले. बाईंनी सांगितले की, कित्येक वर्षांत त्याला कोणी स्पर्श केला नव्हता, म्हणून तो रडत होता. ती शस्त्रक्रिया दप्तरात नोंदली गेली असेल. तो हात कोठे नोंदला जाणार?

डॉ. ब्रँड यांचा जन्म 1914 चा, भारतातलाच. त्याच वर्षी आपल्या विदर्भात बाबा आमटे जन्मले. रस्त्याच्या कडेला पावसात पडलेल्या एका कुष्ठरुग्णाला पाहून आपण भीतीने पळून गेलो, हे बाबांनी कधी लपविले नाही. ती भीती त्यांना सहन झाली नाही. ते परत फिरले आणि त्या माणसाची त्यांनी शुश्रूषा केली. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आनंदवन उभे राहिले. ख्रिस्ताचा दाखला ज्यांनी मनापासून ऐकला आहे, त्यांना शोमरोनी कोठून येईल याचे आश्चर्य वाटू नये. चांगुलपणा आमच्या मंडळीच्या भिंतींच्या आतच आहे, असे ख्रिस्ताने कधी म्हटलेले नाही. पळून गेल्यावर परत फिरता येते, हे बाबांच्या त्या प्रसंगातून आम्हांला सर्वांत अधिक धीर देणारे वाटते.

मग रुग्णालयात शीलाची कसोटी कोठे लागते? आम्ही तीन जागा सांगतो.

पहिली जागा समाजसेवा विभागाच्या टेबलापाशी आहे. आपल्या राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम 41कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा कायदा योग्य आहे आणि आम्ही तो पाळतो. परंतु रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला कोणत्या आवाजात मागावा, हे कायदा सांगू शकत नाही. ज्याच्या घरात कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्याला चार लोकांसमोर आपले दारिद्र्य सिद्ध करावयास लावले, तर खाट मोफत मिळूनही त्याने फार मोठी किंमत मोजलेली असते. तो कागद हळू आवाजात, खुर्ची देऊन मागावा, हे शील आहे.

दुसरी जागा वॉर्डात, रात्री दोन वाजता आहे. अंथरूण ओले झाले म्हणून ओशाळलेला म्हातारा घंटी वाजविताना कचरतो. त्या वेळी येणाऱ्या सिस्टरच्या किंवा मामांच्या चेहऱ्यावर काय असते, ते दुसरे कोणीही पाहत नसते. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. त्यांत त्याला धरून देणारा यहूदा होता आणि त्याला नाकारणारा पेत्रही होता. त्याने पाणी ओतण्यापूर्वी पात्रता तपासली नाही. शय्याव्रण होऊ नये म्हणून दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे हा शुश्रूषेचा नियम आहे. तो नियम तक्त्यावर टिपता येतो. कूस बदलताना हात हळुवार होता की झटका होता, हे फक्त त्या रुग्णाला आणि परमेश्वराला ठाऊक असते.

तिसरी जागा सर्वांत कठीण आहे, ती म्हणजे आमची चूक झाली तेव्हा. वैद्यकसेवेत चुका होतात. त्या वेळी संस्थेचे नाव वाचवावे, असा मोह मोठा असतो, आणि संस्था धार्मिक असेल तर हा मोह देवाच्या नावाचे रक्षण असे सोज्वळ रूप घेऊन येतो. परंतु देवाच्या नावाला आमच्या असत्याची गरज नाही. नातेवाइकांना समोर बसवून, जे घडले ते त्यांच्या भाषेत सांगणे आणि क्षमा मागणे, हे आम्हांला नेहमीच जमले असे आम्ही म्हणत नाही. जेथे जमले नाही, त्याची खंत आम्ही या व्यासपीठावरून व्यक्त करतो.

त्या आजीबाईंच्या प्रसंगानंतर आम्ही काही नियम केले. प्रार्थना ठरलेल्या वेळी सुरू होते आणि ठरलेल्या वेळी संपते. केसपेपरच्या खिडकीवर आणि अपघात विभागात माणूस असतोच. प्रार्थनेला बसलेल्या कोणालाही रुग्णासाठी केव्हाही उठविता येते आणि उठून जाणे ही प्रार्थनेची अवज्ञा मानली जात नाही. हे नियम आवश्यक होते. तरीही नियमांनी मावशींचे डोळे तयार होत नाहीत. तसे डोळे परमेश्वराने आम्हांला द्यावेत, हीच आता त्या सकाळच्या प्रार्थनेतील मुख्य मागणी आहे. शांतपणे बसावे, काल आपण कोणाशी कसे बोललो ते आठवावे, ज्याला दुखविले त्याच्याकडे त्याच दिवशी जावे. शील वाढावयाचे असेल तर अशा कंटाळवाण्या, कोणाला न दिसणाऱ्या मशागतीवाचून दुसरी वाट आम्हांला सापडलेली नाही. या अर्थाने प्रार्थना आम्हांला पूर्वीपेक्षा अधिक लागते.

रुग्णांच्या नातेवाइकांना आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगू इच्छितो. आपल्यापैकी बहुसंख्यांचा धर्म वेगळा आहे. आजारी माणूस अगतिक असतो. त्या अगतिकतेचा उपयोग करून त्याच्या श्रद्धेला हात घालणे, हे ख्रिस्ताच्या स्वभावाविरुद्ध आहे, असे आम्ही मानतो. त्याने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानावयास परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही. येथील औषध, येथील सेवा आणि येथील माया यांच्यामागे कोणतीही अट नाही. आमच्या वागण्यात आपणांस उणे दिसले, तर ते आम्हांला सांगा. आमचे देवाचे चालले आहे म्हणून थांबू नका. दार ठोठवा. आमच्यासाठी देवाचे काम तेथेच सुरू होते.

देणगीदारांनाही नम्र विनंती आहे. आपल्या दानाशिवाय हे दिवे लागले नसते आणि त्याबद्दल आमची कृतज्ञता शब्दांपलीकडची आहे. डाव्या हाताला न कळता उजव्या हाताने द्यावे, ही प्रभूची शिकवण आपणांस माहीत आहे. नावाचे फलक आम्ही लावतो, ते ऋण मान्य करण्यासाठी. आपण मात्र वर्षातून एकदा तरी फलक पाहावयास न येता, कोणताही समारंभ नसताना या, वॉर्डातून एक फेरी मारा आणि एखाद्या एकट्या रुग्णापाशी दहा मिनिटे बसा. पैशाने उभारता येते ते आपण उभारून दिले आहे. जे पैशाने उभारता येत नाही, त्यातही आपला वाटा असावा असे आम्हांला वाटते.

शेवटी इतकेच. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा आपल्यापुढे उभे राहू, पुन्हा तक्ते असतील, आणि देवाच्या इच्छेने आकडे वाढलेलेही असतील. आपण आम्हांला त्या आकड्यांविषयी जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा की, या वर्षी तुमच्या पोर्चमध्ये कोणी ताटकळत बसले होते काय, आणि त्याच्याकडे प्रथम कोणाचे लक्ष गेले. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मान वर करून देता यावे, यासाठी आपण आपापल्या श्रद्धेप्रमाणे आमच्याकरिता प्रार्थना करावी. परमेश्वर आपणां सर्वांस आरोग्य आणि शांती देवो.